साडी आणू नये, असं मी कळवलं

९ ऑक्टोबर, परतूर

माझा भाऊ कल्याण गेला, त्याला आज चौथा दिवस. या घरात रडणारी माणसं आणि हिशेब करणारी माणसं एकाच सतरंजीवर बसली आहेत, आणि हिशेब करणाऱ्यांचा आवाज मोठा आहे. म्हणून मी आतल्या खोलीत येऊन लिहीत बसले आहे.

आमचा चुलत भाऊ काकासाहेब सकाळी चहाची बशी फुंकत म्हणाला, “दैवशालाताई, तेरवीला चारशे पान धरून चला. बुंदी, पुरी-भाजी. आचारी मी बघून ठेवलाय.”

माझा धाकटा भाऊ रविवारी दुकानात मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता कोसळला. आज बुधवार, आणि याने आचारी बघून ठेवला.

“काकासाहेब, कल्याण गेलाय. त्याचं लग्न नाहीये.”

“लोकं काय म्हणतील?”

“काही म्हणणार नाहीत. भूक लागली की आपापल्या घरी जाऊन जेवतील.”

तो उठून बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी तिघे गेले. जागा झाली.

घरात मागे राहिल्या दोघी. कल्याणची बायको शालू, आणि मुलगी प्रांजली, जी जालन्यात नर्सिंग शिकते. स्टँडच्या रस्त्यावर भाड्याचा एक गाळा आहे. पुढच्या अर्ध्यात कल्याण विहिरीच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायचा, पडद्यामागच्या अर्ध्यात शालू ब्लाउज शिवते. मोटारी भरणारा गेला. आता गाळ्याचं भाडं, घर आणि प्रांजलीचं शेवटचं वर्ष, सगळं शालूच्या मशीनवर. तिची खरी कमाई लग्नसराईची. तुळशीचं लग्न लागलं की नवरीचे ब्लाउज येतात, आणि त्या चार महिन्यांत ती वर्षाचं कमावते. तेव्हा घरात जे काही आहे ते बुंदीत घालायचं नाही, हे मी ठरवलं आहे. मी मोठी आहे. कोणीतरी ठरवायला हवं.

११ ऑक्टोबर

शालूच्या भावाला, राधाकिसनला, पिंपळगाव रेणुकाईला फोन केला.

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईचा भाऊ तेरवीला साडी घेऊन येतो. ती तिला नेसवतात. मग तो तिला माहेरी नेतो, दोन दिवस ठेवून घेतो, गोड जेवू घालतो आणि परत आणून सोडतो. याला दुखवटा काढणं म्हणतात. भावाबरोबर जीप भरून माणसं येतात, सगळ्यांना टॉवेल-टोपी होते, परत जाताना त्यांनाही काही द्यावं लागतं. एका धुण्यात रंग सोडणाऱ्या साड्या आणि कोणाच्याही डोक्यात न बसणाऱ्या टोप्या. या घरातून त्या घरात फिरतात आणि शेवटी ट्रंकेत कसर लागून पडतात.

मी स्वच्छ सांगितलं. साडी आणू नका. माणसं आणू नका. शालूला इथून हलवू नका, सराई तोंडावर आली आहे. जो काही खर्च करणार होतात, तेवढे पैसे प्रांजलीच्या खात्यात टाका, तिच्या फीला होतील.

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर लाइन तुटली आहे की माणूस गप्प आहे, हे मला कळतं. माणूस गप्प होता.

“तुम्ही मोठ्या, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणता तर तसं.”

इतक्या सहजासहजी पटेल असं वाटलं नव्हतं. शेतकरी माणूस, पण समजूतदार.

१८ ऑक्टोबर

तेरवी झाली. वरण, भात, भाजी. अकरा माणसं जेवली आणि सगळी घरचीच. काकासाहेब आला, जेवला नाही, सुपारी तोंडात टाकून गेला.

पिंपळगावहून पैसे आले, प्रांजलीच्या मोबाइलवर निरोप वाजला. मी शालूला दाखवायला लावला. तिने पाहिला. मग विचारलं, “दादा कुठवर आला?”

“राधाकिसन येणार नाही. मी नको म्हटलं होतं. पैसे आलेत ना.”

“बरं,” ती म्हणाली.

दुपारभर ती दाराशी बसून होती. गरम होत होतं, तिथे वारा येतो. दोनदा जीप वाजली तेव्हा उठून उभी राहिली. मी म्हटलं, आत पड जरा. नाही म्हणाली.

संध्याकाळी प्रांजलीला घेऊन जालन्याच्या गाडीत बसले. डब्यात हिशेब मनात जुळवला. एवढ्या कमी खर्चात, एवढ्या नेटकेपणाने आमच्या घराण्यात कोणाचीच तेरवी झाली नसेल. कल्याणला आवडलं असतं. त्याला गर्दीचा तिटकारा होता. निदान लहानपणी तरी होता.

२१ ऑक्टोबर, जालना

आज नळाला पाणी आलं. टाकी, दोन पिंपं आणि कळशा भरल्या. एकटीला आठवडाभर पुरतं. शेजारच्या बाई टँकर मागवतात आणि पाण्याच्या नावाने बोंबलतात. गरजा कमी करा, पाणी आपोआप वाढतं.

निवृत्त झाल्यावर मी एकेक वस्तू काढून टाकली. टीव्ही दिला. फ्रीज दिला. सोफा दिला, त्यावर कोणी बसायला येतही नव्हतं. पाच साड्या ठेवल्या. रोज एक भाजी, दोन भाकरी. पेन्शनीतला मोठा हिस्सा शिल्लक पडतो. कामावर असताना दुप्पट पगार होता तेव्हा पडत नव्हता. लोक आयुष्यभर राबतात, आणि कशासाठी, तर धूळ पुसायला आणखी चार गोष्टी घरात आणायला.

हे मला कॉन्व्हेंटच्या शाळेतच कळलं होतं. आमच्या सिस्टर ॲग्नेसकडे दोन झगे, एक चष्मा आणि एक छत्री होती. मोजे स्वतः रफू करायच्या. वर्गातल्या शेठजींच्या मुली हसायच्या. मी हसले नाही. मी ठरवलं, असं राहायचं.

कल्याण दिवाळीला भाऊबीजेला यायचा तेव्हा साडी आणायचा. मी दर वर्षी रागवायचे, आणि दर वर्षी पुढच्याच आठवड्यात ती कोणाला तरी देऊन टाकायचे. तो विचारायचा, “ताई, नेसलीस का गं?” मी म्हणायचे, “हो.” त्याचं समाधान.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. काही झालं नाही.

९ नोव्हेंबर

प्रांजली होस्टेलवरून आली होती. म्हणाली, “आत्या, मम्मीकडं कोणीच येऊन नाही राह्यलं.”

“सुतक होतं, मग दिवाळी झाली. येतील.”

“मागच्या साली दिवाळीच्या आधीच कापडं येऊन पडल्ती. पप्पाच्या मोटारींवर ठेवावी लागल्ती, जागा नव्हती.”

मी तिला अभ्यास कर म्हणाले. मुलगी हुशार आहे, पण आईसारखी लवकर घाबरते.

१७ नोव्हेंबर, परतूर

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काल सकाळी गाळ्यात जाऊन बसले. कल्याणच्या अर्ध्या भागात दोन मोटारी उघड्या पडल्या आहेत, मालक न्यायला आलेले नाहीत. शालू पडद्यामागे मशीनला तेल घालत होती. घातलेलंच तेल पुन्हा घालत होती.

अकराच्या सुमारास एक बाई आली, बरोबर तरणी मुलगी. ही साळूबाई, मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान आहे. मुलीचं, अक्षताचं, लग्न आहे. पिशवीतून जरीचे काठ दिसत होते. बाई पायरीशी थांबली. मुलगी वर चढायला लागली तर तिने तिचा दंड धरला.

“शालू, बरी हाईस का गं?”

“बरी हाय. या ना, बसा.”

“बसत न्हाई.” मग हळूच, “दुखवटा निघाला का?”

शालूने मान खाली घातली.

“आला न्हाई का भाऊ? अजूक?”

“येणार हाय.”

“मंग आला म्हंजे येतो आम्ही,” साळूबाई म्हणाली. पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

मला राहवलं नाही. मी उठून पायरीवर गेले आणि म्हटलं, “ब्लाउज हिच्या हातांनी शिवायचा आहे ना, की हिच्या भावाच्या? हिचे हात मागच्या वर्षी होते तेच आहेत. नवरा मेल्यावर बाईच्या सुईला काय विटाळ होतो, ते मला समजावून सांगा. मुलीला शिकवलंय ना? मग तिच्यासमोर सांगा.”

मुलगी रडायला लागली. साळूबाई लाल झाली. “आम्ही काय वाईट बोललो का, ताई? आम्ही तर विचारलं. पोरीचं पहिलं कापड हाय. जिला अजून कोणी घरातून बाहेर काढलं न्हाई तिच्या हातात कसं द्यावं?”

“कापड घ्या आणि निघा,” मी म्हणाले.

त्या गेल्या. समोरच्या नव्या लेडीज टेलरच्या दुकानात शिरल्या. मी शालूला म्हटलं, अशा गिऱ्हाइकांची गरज नाही.

शालू म्हणाली, “ताई, अशीच हायेत सगळी.”

दुपारपर्यंत आणखी दोघी रस्त्यावरून वळून बघत गेल्या. त्या मी काही न बोलताच गेल्या.

१७ नोव्हेंबर, जेवणानंतर

शालू बोलली. मोठ्या मुश्किलीने बोलली, पण बोलली.

“ताई, दादाला एक फोन करा.”

“तू कर. तुझा भाऊ आहे.”

“मी कसा करू? न्यायला ये म्हणून बाईनं सांगायचं असतंय का? त्यानं येयाचं असतंय. अन् तो येईल कसा? तुम्ही नको म्हणल्या. सासरच्या मोठ्या माणसानं नको म्हणलं, मंग त्या दारात तेनं कोणत्या तोंडानं यावं?”

“म्हणजे मी माफी मागायची? त्याने एक भिकार साडी आणली नाही म्हणून?”

“माफी न्हाई. या म्हणायचं फकस्त.”

मी तिला बसवून समजावलं. आज मी फोन केला तर या अडाणीपणापुढे मान झुकवल्यासारखं होईल. उद्या प्रांजलीच्या वेळी आणखी काही निघेल. दोन महिने दम धर. लोकांना काम हवं असतं, काम चांगलं असलं की येतात. तुझ्या हाताला सफाई आहे.

“दोन महिन्यानं निम्मी सराई सरती,” ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

हिला स्वतःच्या पायावर उभं करायला मी निघाले आहे आणि हिला भावाच्या जीपची वाट बघायची आहे. बायकांचं काही होणार नाही.

२६ नोव्हेंबर, जालना

माझ्याकडे पाच ब्लाउज आहेत. बाजारातून कापड घेतलं आणि प्रांजलीबरोबर शालूकडे शिवायला पाठवलं. सहा. मजुरी आगाऊ.

१ डिसेंबर

सहा ब्लाउज आले. काजं हाताची, आतून शिवण मुडपून बंद केलेली. मजुरीतली निम्मी शालूने परत पाठवली आहे. निरोप: “घरच्या माणसाला अर्ध्यात.”

एवढ्या ब्लाउजांचं मी काय करू? घडी करून कपाटात ठेवले. जागा भरपूर आहे.

५ डिसेंबर, परतूर

आज मी एक गोष्ट केली, ती मूर्खपणाची ठरली. तरी लिहिते.

स्टँडवरच्या दुकानातून शालूसाठी साडी घेतली. बरी, सुती, टिकणारी. घरी येऊन म्हटलं, “घे. नेस. मी घरातली मोठी, मी दुखवटा काढला. चल, जालन्याला दोन दिवस राहून ये. झालं?”

शालूने साडी हातात घेतली, कापड बोटांनी पाहिलं. सवयच ती. मग हसली. कल्याण गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“ताई, तुम्ही सासरच्या. ज्या घरात दुःख झालं त्या घरचं माणूस बाहेर कसं काढल? तुम्ही बी आतच ना.”

“मी कुठे आत आहे? मी जालन्याला राहते.”

काकासाहेब ओट्यावरून ऐकत होता. म्हणाला, “दैवशालाताई, आता तुम्हीच नवीन शास्त्र काढा. आम्ही वर्गणी देतो.” मी त्याला सांगितलं, बुंदीच्या आचाऱ्याला दे.

साडी तिथेच ठेवून आले. शालू म्हणाली, उन्हाळ्यात नेसेन.

१३ डिसेंबर, जालना

प्रांजलीचा फोन. शालू सोमवारपासून जिनिंगमध्ये जाते आहे. कापसातली कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, आणि काडी-कचरा वेचायचं काम, रोजाने. गाळ्याच्या मालकाला महिनाअखेर गाळा हवा आहे. मोबाइलवाला जास्त भाडं द्यायला तयार आहे.

“मम्मी म्हणते, तिथं कोणी काही विचारत नाही. मुकादम फक्त वेळेवर या म्हणतो.”

मी म्हणाले, कोणतंही काम हलकं नसतं. प्रामाणिक कष्टाची भाकरी.

“आत्या, तिला लहानपणापासून दमा आहे,” प्रांजली म्हणाली. “तुम्हाला माहीत आहे ना?”

मला माहीत नव्हतं. कल्याणने कधी सांगितलं नाही. किंवा मी विचारलं नसेल. फोनवर आमचं बोलणं थोडक्यात व्हायचं. ती सवय मीच लावली होती.

१६ डिसेंबर, परतूर

पाळी सुटताना जिनिंगच्या फाटकाशी उभी राहिले. बायका बाहेर पडल्या त्या सगळ्या एका वयाच्या दिसत होत्या. भुवया पांढऱ्या, केस पांढरे, नाका-तोंडावर बांधलेल्या ओढण्या पांढऱ्या. शालू माझ्यासमोरून चार पावलं पुढे गेली आणि मी ओळखलं नाही. तिनेच हाक मारली.

घरी येईपर्यंत तीनदा थांबली. खोकताना एक हात कुडाला, एक हात छातीवर. मी औषधाचं विचारलं. “फवारा हाय ना, ताई. प्रांजलीनं आणून दिलाय.”

बोटं काळजीपूर्वक धूत होती. कापसाची बोंडं टोचतात. मशीनवर बसणारीची बोटं अशी झाली तर रेशमी कापड त्यांना अडकतं, धागा ओढला जातो. हे तिने सांगितलं नाही. मी समोर बसले होते, मला दिसत होतं.

राधाकिसनला फोन केला. होय, केला.

“पैसे पोचले होते ना, ताई?”

“पोचले. राधाकिसन, शालूला न्यायला या.”

“तुम्हीच तर म्हणल्या होत्या, हलवू नका.”

“आता या म्हणते.”

“बघतो ना. तूर सोंगणीला आली. कापसाची एक वेचणी हाय. बघतो, ताई. तुम्ही मोठ्या.”

त्याने एकही शब्द वावगा वापरला नाही. मला चांगलं कळतं हे. खात्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी मी याच आवाजात बोलायचे.

२२ डिसेंबर

पिंपळगावला जाऊन आले. हात दुखतो आहे, तरी सगळं लिहून ठेवते.

जालन्याहून भोकरदन एसटीने, पुढे काळी-पिवळी. मनात भाषण तयार होतं. बहिणीचा दम्याने जीव जातोय आणि तुम्ही मानपान धरून बसलात, असं सुरू करून पुढे बरंच. दोन तास पाठ करत होते.

घर शेतात आहे. राधाकिसन बांधावर बसून तुरीच्या पेंढ्या बांधत होता. मला बघून उभा राहिला, डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून खांद्यावर घेतला. मी तोंड उघडायच्या आत त्याची बायको मालनबाई घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाय धुवायला पाणी ओतलं. माझ्या पायांना हात लावायला लागली तेव्हा मी मागे सरकले. असलं मला चालत नाही.

आत घोंगडी टाकली होती. मी बसले. मालनबाई माझ्या शेजारी बसली, अगदी चिकटून, आणि माझा गुडघा धरून रडायला लागली. मोठ्याने, नाव घेऊन. “कल्याणदाजी, तुमची बहीण आली वो. तुमची ताई आली. तिनं कुठं जावं आता? कुणाच्या दारात जावं?”

मी म्हटलं, “मालनबाई, मी शालूसाठी आलेय.”

“शालूला आम्ही हाव,” ती म्हणाली. “तुमचं माहेर गेलं ना, ताई. तुम्हाला कोण हाय? तुम्हाला तरी कोणी काढलं का बाहेर?”

मी तिला सांगणार होते की मी दर महिन्याला पेन्शन घेते, स्वतःच्या घरात राहते, आणि मला कोणी कुठून काढायची गरज नाही. ते राहून गेलं. ऊन उंबऱ्यावरून चुलीपर्यंत आलं होतं. त्या बाईच्या पदराचा एक कोपरा पूर्ण ओला होता आणि माझाही. राधाकिसन बाहेर बैलांशी काहीतरी करत होता, उगाच.

मग जेवायला वाढलं. पुरणाची पोळी, कटाची आमटी. मी म्हटलं मला गोड चालत नाही. मालनबाई म्हणाली, “चालवा. हे गोड वायलं असतंय.” तिने पहिला घास मोडून माझ्या हातात दिला. भूक होती, खाल्लं. तीन पोळ्या खाल्ल्या असतील. सिस्टर ॲग्नेस दोन झग्यांत राहायच्या, पण तिन्ही त्रिकाळ घंटा झाली की वीस-पंचवीस जणी एका टेबलाशी बसायच्या. हे आज का आठवलं कोण जाणे.

निघताना साडी दिली. हिरवट, काठाला पिवळी पट्टी, पॉलिस्टर. मी आयुष्यात विकत घेतली नसती. मी म्हटलं, “अहो, मीच तर सांगितलं होतं साडी-बिडी नको.”

राधाकिसन पहिल्यांदा हसला. “ते शालूचं सांगितलं होतं. तुमचं कुठं बोलणं झालं होतं?”

मी पाठ केलेलं काहीच बोलले नव्हते. नुसतं म्हटलं, “राधाकिसन, या. बहिणीला न्या.”

“येतो, ताई. येत्या ऐतवारी बराबर येतो. तुम्ही दारात आल्या, आमचं मन साफ झालं.”

एवढंच हवं होतं त्याला. एसटीचं तिकीट काढून ऑक्टोबरातच आले असते तर, असं गाडीत मनात आलं. पण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

२९ डिसेंबर, परतूर

काल प्रांजलीने फोनवर सांगितलं नसतं तर आज दारातच कळलं असतं. गाळा शुक्रवारी रिकामा झाला. शालूची मशीन मंठ्याच्या एका टेलरने विकत नेली. न भरलेल्या मोटारी त्यांच्या मालकांनी तशाच नेल्या. मोबाइलवाल्याने आजच निळा रंग मारायला घेतला आहे.

मी सकाळच्या गाडीने आले. ती हिरवट साडी नेसले होते. दुसरी धुतलेली वाळली नव्हती, थंडी आहे.

राधाकिसन अकराला आला. जीप भरून आणली. मालनबाई, तिच्या दोन जावा, कोणी म्हातारे मामा. टोपल्यात पोळ्या, वर पांढरं फडकं. शालूसाठी साडी, निळी, चांगली घेतली होती. कुंकू न लावता, नारळ न घेता, जसं करतात तसं सगळं करायला बसले. काकासाहेबसुद्धा आला. ओट्यावर गल्लीतल्या बायका उभ्या राहिल्या. साळूबाई नव्हती. तिच्या मुलीचं लग्न मागच्या आठवड्यात झालं.

शालू आतून बाहेर आली ती डोक्याला ओढणी बांधूनच. डबा हातात.

“दादा, बस. जेव. मला पाळीला जायाचंय.”

राधाकिसनला कळेना. “अगं, आज न्यायला आलोय तुला. दोन दिस.”

“सुट्टी न्हाई. रविवारी कापूस जास्ती येतोय. एक दिस चुकवला तर मुकादम दुसरीला घेतो, फाटकापाशी पंधरा बाया उभ्या असत्यात.”

“मी बोलतो मुकादमाला.”

“अन् मंग?” शालू म्हणाली. “दोन दिसानं येऊन मी काय करू, दादा? कशावर बसू?”

मी म्हटलं, “शालू, मशीन नवी घेऊ. माझ्याकडे पैसे आहेत. खर्चच होत नाहीत माझे.”

“गिऱ्हाईक समोर गेलं, ताई. एकदा माप दुसरीकडं गेलं की परत येत न्हाई. पुढल्या साली बघू.”

मालनबाई उठली. निळी साडी शालूच्या खांद्यावर नुसती टाकली, नेसवायला वेळ नव्हता. शालूने ती काढून, घडी करून, भिंतीतल्या फळीवर ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. काठ पाहिला, निऱ्या पाहिल्या, आणि पुढे येऊन पदराची चुकलेली चुणी सरळ करून दिली.

“तुमचा दुखवटा काढला का, वहिनीनं?” तिने मला विचारलं.

मी हो म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुम्हाला कोणी नव्हतं.”

आवाजात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मालनबाईने तिच्या डब्यात दोन पोळ्या घातल्या. शालूने झाकण लावलं, ओढणी नाकावर ओढली आणि निघाली. कोपऱ्यावर खोकल्यासाठी थांबली, मग वळली.

पोळ्या फार होत्या. ओट्यावरच्या बायकांना हाका मारून बसवलं. काकासाहेब जेवला. मला ताट वाढलं तेव्हा मी नको म्हणाले, पण मालनबाई म्हणाली, घरच्या मोठ्या माणसाने घास घेतल्याशिवाय पाहुण्यांना उठता येत नाही. मग मी घेतला.